ट्रान्स मुलांना आपल्या मालिकांत बालपण कधी मिळणार?

डिसेंबर २०२४ मध्ये डिस्नेनं एक निर्णय जाहीर केला. पिक्सारच्या ‘विन ऑर लूज’ या मुलांसाठीच्या ॲनिमेशन मालिकेतल्या शाळकरी सॉफ्टबॉल संघात एक ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असलेलं, पात्र होतं. पात्र राहिलं, पण त्याच्या लिंगओळखीविषयीचे संवाद काढून टाकले गेले. काही विषयांवर मुलांशी कधी आणि कसं बोलायचं हे अनेक पालकांना स्वतः ठरवायचं असतं, असं कारण कंपनीनं दिलं. त्या पात्राला आवाज देण्यासाठी निवडलेली चॅनेल स्टुअर्ट ही स्वतः ट्रान्स मुलगी, तेव्हा १८ वर्षांची.

ही बातमी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली तेव्हा तिचं स्वागत झालं. माझी मावसबहीण महाराष्ट्रात शाळेत शिकवते. तिनं मला उद्देशून लिहिलं, “बघ, तुमच्याकडचे पालकही आता जागे झाले. नको त्या वयात मुलांच्या डोक्यात नको ते कशाला भरवायचं?” मी मेलबर्नला राहते, अमेरिकेत नाही. पण ताईचा प्रश्न मनापासून आलेला आहे आणि तो तिच्या एकटीचा नाही, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देते.

पालकांनीच बोलावं, हे मला मान्य आहे. माझ्या मुलीशी मी काय बोलायचं हे कुठल्या कंपनीनं ठरवू नये, असं मलाही वाटतं. पण मग पालकांनी खरंच बोलायला हवं. पाळी येण्याआधी मुलीला नीट समजावून सांगितलं जातं, अशी घरं आपल्याकडे अजून सरसकट नाहीत. तिथे ‘आपल्या वर्गातल्या मुलाला आपण मुलगी आहोत असं आतून वाटत असेल तर त्याच्याशी कसं वागायचं’ हे किती घरांत बोललं जात असेल? आपण गप्प बसतो, पण त्या काळात टीव्ही गप्प बसलेला नसतो.

मराठी घरात मुलांचा टीव्ही आणि मोठ्यांचा टीव्ही असे दोन टीव्ही नसतात. संध्याकाळी सात ते दहा जे आजी बघते, तेच नातवंडं बघतात. त्यामुळे ‘मुलांच्या कार्यक्रमात हे नको’ या म्हणण्याला आपल्याकडे फारसा अर्थ उरत नाही. मुलं तृतीयपंथी माणसं आधीपासून बघतायत. विनोदी कार्यक्रमात साडी नेसलेला पुरुष लचकत येतो, आवाज बारीक करतो आणि पाहुण्यांच्या मांडीवर बसतो, तेव्हा खोखो हसायचं असतं हे मुलांना कळलेलं असतं. सिनेमातला खलनायक तळहात आडवे करून टाळी वाजवतो, तेव्हा घाबरायचं असतं हेही कळलेलं असतं. ताईनंच मला मागे सांगितलं होतं, की तिच्या सहावीच्या वर्गात एक हळुवार बोलणारा मुलगा आहे. त्याला पोरं बायल्या म्हणतात आणि तो वर्गात आला की तशी टाळी वाजवतात. ती टाळी त्या पोरांना कुठल्या परदेशी मालिकेनं शिकवली नाही. ती त्यांनी घरी बसून, आईबाबांच्या शेजारी बसून उचलली.

म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. मुलांनी बघावं की बघू नये, हा प्रश्न आपल्या हातून केव्हाच सुटला आहे. मुलं नेमकं काय बघतात, एवढंच आता आपल्या हातात आहे. आणि आपल्या पडद्यावर ट्रान्स माणसाला सगळं दिलं गेलंय, हसू, शाप, आशीर्वाद, हौतात्म्यसुद्धा. बालपण तेवढं दिलेलं नाही.

मी हे उगाच म्हणत नाही. कलर्सवर २०१६ ते २०२१ चाललेली ‘शक्ती – अस्तित्व के एहसास की’ आपल्याकडच्या कितीतरी घरांत बघितली गेली. रुबिना दिलैकनं साकारलेली सौम्या किन्नर होती आणि ती मुख्य पात्र होती. रोजच्या मालिकेनं हे करणं मोठंच होतं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ती गोष्ट लग्नाची आणि सासरची होती. लपवलेलं रहस्य कधी फुटणार याची होती. २०२३ मध्ये आलेली ‘ताली’ ही ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या श्रीगौरी सावंत यांच्या आयुष्यावरची. रवी जाधव दिग्दर्शक, क्षितिज पटवर्धन लेखक, म्हणजे मराठी माणसांनी हिंदीत केलेली मालिका. तिच्यात पुण्यातल्या शाळेतला लहानगा गणेश आहे. मोठेपणी कोण व्हायचंय असं विचारल्यावर आपल्याला आई व्हायचंय म्हणणारा. कृतिका देवनं तो फार जीव लावून केला आहे. मला ती सगळी मालिका त्या वर्गात थांबावी असं वाटत होतं. त्या बाकावर शेजारी कोण बसायचं, डबा कोणाबरोबर खायचा, मधल्या सुट्टीत कुठे जायचं, हे मला बघायचं होतं. पण चरित्राला पुढे जावं लागतं. घर सुटतं, मुंबई येते, आणि लढा सुरू होतो. लहानपण ही तिथेही प्रस्तावनाच राहते.

हे सारखं असंच दिसलं, तर बघणाऱ्या मुलाला एकच गोष्ट कळते. असं असलं की घर सुटतं. आणि बघणाऱ्या आईबापांनाही तेच कळतं.

आता इकडचं सांगते. ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या, म्हणजे एबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर २०२० मध्ये ‘फर्स्ट डे’ नावाची छोटी मालिका आली. पहिल्या वर्षी तिचे चारच भाग होते. हॅना नावाची मुलगी सातवीला नव्या शाळेत जाते. प्राथमिक शाळेत तिला सगळे मुलगा म्हणून ओळखत. इथे ती पहिल्यांदा स्वतःच्या नावानं जाणार आहे. भूमिका केली ती ईव्ही मॅकडोनाल्ड या ट्रान्स मुलीनंच. त्या मालिकेत औषधं, शस्त्रक्रिया, न्यायालय यांतलं काही केंद्रस्थानी नाही. शाळा तिला मुलींचं स्वच्छतागृह न वापरता वेगळं वापरायला सांगते, हा प्रश्न आहे. जुन्या शाळेतली एक मुलगी इथेही आहे आणि ती जुनं नाव फोडेल ही धास्ती आहे. नव्या मैत्रिणींना सांगायचं की नाही, आणि सांगितलं तर त्या राहतील का, हा प्रश्न आहे.

माझ्या मुलीनं ती बघितली तेव्हा तिला शरीराविषयी एकही प्रश्न पडला नाही. तिचा सगळा राग त्या धमकावणाऱ्या मुलीवर होता. त्या वयाच्या मुलाला विश्वासघात कळतो, एकटं पाडणं कळतं. मोठ्यांना ज्याची भीती वाटते, ते मुलांच्या नजरेत बहुधा फार मागे असतं.

त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर ‘द बेबी-सिटर्स क्लब’ आली. तिच्या एका भागात एक लाजाळू किशोरी एका आजारी ट्रान्स मुलीला दवाखान्यात नेते. तिथले लोक त्या लहानगीला मुलगा म्हणून बोलत राहतात, तेव्हा आजवर कुणाला उलट उत्तर न दिलेली ही पोरगी डॉक्टरांना बाजूला घेऊन ठामपणे सांगते, की तिला मुलगीच म्हणा. मला त्यातलं लेखन फार आवडलं, कारण धैर्य येतं ते मैत्रिणीला. ट्रान्स मुलांची संख्या थोडी असते. त्यांच्या शेजारी बसणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. अशा मालिकेचा खरा प्रेक्षक तो शेजारी बसणारा असतो.

इकडे सगळं आलबेल आहे असा माझा दावा मुळीच नाही. शिक्षकांना ट्रान्स विद्यार्थ्यांविषयी प्रशिक्षण मिळतंय अशा बातमीवर २०१८ मध्ये पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी ट्वीट केलं होतं, की शाळांत असल्या गोष्टींची गरज नाही, मुलांना मुलं राहू द्या. त्यांना टीव्हीवर येऊन उत्तर दिलं ते १३ वर्षांच्या ईव्हीनंच. एखाद्या मुलीला स्वतःच्या असण्याची बाजू देशाच्या पंतप्रधानांसमोर मांडावी लागते, ही काही अभिमानानं सांगायची गोष्ट नव्हे.

औषधोपचारांचा वादही इथे तापलेला आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ मध्ये कॅस अहवाल आला, त्यानं अल्पवयीनांच्या उपचारांमागचा पुरावा कमकुवत असल्याचं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये इथल्या क्वीन्सलँड राज्यानं वयात येणं लांबवणारी औषधं सरकारी रुग्णालयांत नव्या मुलांना देणं थांबवलं. ताईसारख्यांना मालिका म्हटलं की पाठोपाठ हेच आठवतं. ती काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. पण उपचार द्यायचे का, केव्हा द्यायचे हा निर्णय डॉक्टर, आईवडील आणि ते मूल यांच्यातला आहे, आणि त्यावर जाणकारांत मतभेद असतील तर असोत. त्या मुलाला वर्गात छळायचं नाही, यावर मतभेद कशाला हवेत? हे दोन प्रश्न एकात एक मिसळले की पहिल्याच्या आडून दुसराही टाळला जातो.

आणि ‘बघून मुलं तशी होतील’ याचं काय? दूरदर्शन सुरू झाल्यापासून आपल्या मुलांनी एकही अशी बालमालिका पाहिली नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या अशी मुलं आपल्या घरांत जन्मली आणि बरीचशी घराबाहेर पडली. न दाखवून ती कमी झाली नाहीत, तर दाखवून वाढतील कशी?

एक गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत जवळजवळ येतच नाही, ती म्हणजे ट्रान्स मुलगे. मुलगी म्हणून जन्माला आलेला, पण स्वतःला मुलगा म्हणून ओळखणारा किशोर आपल्या मालिकांत मला कधी दिसलेला नाही. कॅनडाच्या ‘डिग्रासी’ या किशोरांच्या मालिकेत २०१० साली ॲडम हा ट्रान्स मुलगा आला. त्याच्यावरच्या भागाला पीबडी हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कारही मिळाला. पण भूमिका ट्रान्स नसलेल्या अभिनेत्रीला दिली गेली होती, आणि २०१३ मध्ये गाडी चालवताना मेसेज करण्याच्या अपघातात त्याला मारून टाकलं गेलं. कुणाला तरी मारायचंच होतं, तर तोच का? असल्या मुलाच्या गोष्टीचा शेवट वाईटच व्हायचा, ही सवय फक्त आपली नाही.

म्हणूनच परदेशात काय चालतं ते जसंच्या तसं उचलावं, असं मी म्हणत नाही. डिस्नेच्या निर्णयानं एक गोष्ट दिसली. वारं फिरलं की बाजाराच्या भरवशावर उभं केलेलं प्रतिनिधित्व एका पत्रकानिशी पुसलं जातं. ‘फर्स्ट डे’ उभी राहिली ती सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या वाहिनीवर आणि २०२२ मध्ये तिचं दुसरं सत्रही आलं. आपल्याकडेही मुलांसाठी सार्वजनिक निर्मितीची जागा होती. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी ही मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी सरकारी संस्था सुरू झाली, दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम बघत माझ्या पिढीची मुलं मोठी झाली. २०१७ मध्ये ती बंद पडली. आज मराठी मुलांसाठी मराठीत लिहिलेली, खऱ्या मुलांची नाट्यमालिका शोधायला गेलं तर हाती येतात बहुतेक डब केलेली कार्टून्स. ट्रान्स मूल दूरच राहिलं, साधं शाळेत जाणारं मराठी मूलही त्या पडद्यावर फारसं नाही. मला याची जास्त खंत वाटते.

शाळेच्या बाजूनं एक प्रयत्न झाला होता. २०२१ मध्ये एनसीईआरटीनं, म्हणजे शालेय अभ्यासक्रम आखणाऱ्या केंद्रीय संस्थेनं, शिक्षकांसाठी ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयीची पुस्तिका संकेतस्थळावर ठेवली. बालहक्क आयोगाकडे तक्रार गेली, आणि थोड्याच दिवसांत पुस्तिका तिथून नाहीशी झाली. ती शिक्षकांसाठी होती, मुलांसाठी नव्हतीच. ताई, त्या मुलासाठी तू काय करायचं हे तुला सांगणारा एक कागद होता, आणि तो तुझ्यापर्यंत पोचू दिला गेला नाही.

अशा वेळी मालिकेवर भार जास्त पडतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या नालसा निकालात ट्रान्सजेंडर व्यक्तींचा स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. मूल ट्रान्सजेंडर आहे एवढ्या कारणानं, न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्याला आईवडिलांपासून वेगळं करता येणार नाही, असं त्यात लिहिलं गेलं. अल्पवयीन मुलाच्या ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज आईवडिलांनी किंवा पालकांनी करायचा, असंही. म्हणजे सगळं येऊन थांबतं ते आईबापांवर. आणि आपला टीव्ही तर मूल आणि आईबाप एकत्रच बघतात. इकडच्या मुलांच्या वाहिनीला जे साधणार नाही, ते रात्री आठच्या मराठी मालिकेला साधू शकतं.

मला वेगळी, गाजावाजा केलेली मालिका नको. चालू असलेल्या घरगुती मालिकेत नायिकेच्या मुलीचा वर्गमित्र म्हणून असं मूल यावं. त्याच्या बापाला सुरुवातीला पटू नये, त्यानं चिडावं, शेजारी काय म्हणतील म्हणून कुढावं, कारण असे बाप असतात आणि त्यांची घालमेल खोटी नसते. मग त्यानं ओळखीच्या प्रमाणपत्राच्या त्या अर्जावर सही करावी. मुलानं घरातच राहावं, सहामाहीत गणितात कमी गुण मिळवून बोलणी खावीत, स्नेहसंमेलनात भाग घ्यावा. अल्पवयीन ट्रान्स मुलालाच भूमिका द्या, असा हट्ट मी धरणार नाही. आपल्याकडे जगासमोर असं उघड होण्याची जबाबदारी लहान मुलावर टाकणं योग्य नाही. नुकता १८ पूर्ण केलेला ट्रान्स कलाकार शोधता येईल. आणि लिहिताना सोबत कोण घ्यायचं, याचं उत्तर मराठीत आहे. दिशा पिंकी शेख यांच्यासारखी ट्रान्स कवयित्री आपल्याच भाषेत लिहिते. अशा लोकांना पहिला भाग लिहायला बसाल त्या दिवसापासून सोबत बसवा. चित्रीकरण झाल्यावर फक्त चुका तपासायला बोलावू नका.