बिन्या दला आणि 'करावं तसं भरावं'

नमस्कार. "शेवटच्या मोन राजाला तुम्ही उगाच हुतात्मा केलंत. आवाच्या कैदी राजाला त्यानेच मारलं, मग पोटची पोर देऊन भेकडासारखा शरण गेला आणि तसाच मेला. करावं तसं भरावं!" अशी माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया. हा राजा म्हणजे बिन्या दला, दक्षिण ब्रह्मदेशातल्या मोन लोकांचा; पेगू ही त्याची राजधानी, तर आवा ही उत्तरेतल्या बर्मी राजाची. पहिला मुद्दा मान्य. ती हत्या मी लेखात गाळली, हे चुकलंच.

त्यात क्रौर्य होतं, तितकाच मूर्खपणाही. 1752 मध्ये पेगूच्या फौजेनं आवा जिंकलं आणि तिथल्या राजाला दक्षिणेत आणलं. तिकडे उत्तरेत मोक्सोबो गावच्या पाटलानं, म्हणजे पुढच्या अलाँगपयानं, बंड उभारलं. पण तो काही राजवंशातला नव्हे. जुना राजा जिवंत असेतो त्याच्या निष्ठावंतांचा पाय अडत होता. 1754 मध्ये कटाच्या आरोपावरून बिन्या दलानं त्या राजाला मारलं आणि शत्रूची वाट फुकटात मोकळी करून दिली.

'भेकड' मात्र पटत नाही. जुलै 1756 मध्ये सिरियम बंदर पडलं. फ्रेंच मदतीचं जहाज पोचलं ते त्यानंतर! अलाँगपयानं कैदेतल्या ब्रुनो या फ्रेंच प्रतिनिधीकडून चिठ्ठी लिहवून घेतली आणि जहाज नदीत आत बोलावलं. मोनांसाठी आलेल्या तोफा आणि गोलंदाज मोनांवरच उलटले. पेगूत दाणा उरला नव्हता. अशा वेढ्यात त्यानं मुलगी पाठवून तह मागितला. तरी मे 1757 मध्ये शहर लुटलं गेलंच.

आणि शेवट? 1773 मध्ये दक्षिणेत मोन सैनिकांनी बंड केलं. अलाँगपयाचा मुलगा सिनब्यूशिन श्वेडगॉन या बौद्ध स्तूपावर नवं छत्र चढवायला रंगूनला उतरला, तेव्हा या म्हाताऱ्याला सोबत आणलं होतं. सतरा वर्षं कैदेत काढलेल्या माणसावर बंडाच्या चिथावणीचा ठपका ठेवून त्याला तिथेच मारलं. छत्र मात्र चढलं.

राहता राहिली तुमची म्हण. अलाँगपयाच्याच घराण्यातला शेवटचा राजा थिबा, इंग्रजांनी आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलेला. त्याच्या राज्यात 1879 मध्ये राजघराण्यातली डझनावारी माणसं मारली गेली. तो स्वतः 1916 मध्ये रत्नागिरीत नैसर्गिक मरणानं गेला, तेही समुद्राकडे तोंड केलेल्या राजवाड्यात.

1754 ची हत्या आता मूळ लेखात घातली आहे.