लोकलहोस्ट म्हणजे नेमका कुणाचा?

काल रात्री साडेअकरापासून पावणेदोनपर्यंत एकच ओळ बघत बसले होते. 'कनेक्शन रिफ्यूज्ड, लोकलहोस्ट, ८१८२.' म्हणजे लोकलहोस्ट या पत्त्यावरच्या ८१८२ क्रमांकाच्या पोर्टने, दारानेच म्हणा, जोडणी नाकारली. अरे, पण शेजारच्या खिडकीत सर्व्हरचा लॉग धडधडीत दिसतोय, तो ८१८२ वरच ऐकतोय!

काम काय, तर जेनसग्राफ हा ग्राफ डेटाबेस डॉकरच्या एका कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा ठेवून चालवायचा डबा), त्याला क्वेरी विचारायचा ग्रेमलिन कन्सोल दुसऱ्यात, दोघांना डॉकरच्या लिंक या सोयीने जोडायचं आणि ग्राफमध्ये व्हर्टेक्स, म्हणजे बिंदू, किती ते मोजायचं. एका ओळीची क्वेरी! एकाने लिहिलेल्या सूचना वाचल्या होत्या, तसंच्या तसं केलं. कन्सोलच्या कंटेनरमध्ये शिरून होस्ट्स फाइल उघडली, कुठल्या नावाचा पत्ता कोणता ते तिच्यात असतं. सर्व्हरचं नाव आहे, त्याच्यासमोर १७२.१७ वाला पत्ता आहे. म्हणजे लिंक लागलीय. मग? सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. तीनदा. शेवटी कन्सोलने कुठे जोडायचं ते जिच्यात लिहिलेलं असतं, ती रिमोटची यॅमल फाइल उघडली. तिथे होस्ट कोण? लोकलहोस्ट! कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. दोन तास कन्सोल स्वतःचंच दार ठोठावत होता. कंटेनर सुरू करताना ग्रेमलिन रिमोट होस्ट्स नावाचं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे सेटिंग, दिलं की हा पत्ता बदलतो. ती एक ओळ त्या सूचना लिहिणाऱ्याने गाळली. का गाळली? त्याच्याकडे चाललं, विषय संपला. ही 'माझ्याकडे तर चालतंय' जमात माझ्या डोक्यात जाते.

जोडला गेला एकदाचा. क्वेरी टाकली, तर 'नो सच प्रॉपर्टी: जी'. म्हणजे क्वेरीतला 'जी' कन्सोलला माहीतच नाही. कारण नुसतं कनेक्ट करून भागत नाही, कन्सोल रिमोट मोडमध्येही न्यावा लागतो, तरच क्वेरी सर्व्हरकडे जाते. हेही गाळलेलं.

आणि मुळात लिंक शिकवताच कशाला? डॉकरच्या दस्तऐवजातच तिला जुनी सोय म्हणून बाजूला काढलंय. स्वतःचं नेटवर्क बनवा, कंटेनर एकमेकांना नावाने सापडतात. गेल्या महिन्यात कॅसँड्रा या डेटाबेसच्या वेळी असाच घोळ झाला होता. एका कंटेनरने दुसऱ्यासाठी थांबावं म्हणून 'डिपेंड्स ऑन' लिहा म्हणे, पुरे. ते कंटेनर सुरू होईपर्यंतच थांबतं, आतला डेटाबेस तयार झालाय का ते बघतच नाही! हेल्थचेक, म्हणजे आतलं तयार आहे का ते बघणारी तपासणी, लावून अट घालावी लागते, आणि ते कुणी लिहीत नाही.

पावणेदोनला उत्तर आलं. शून्य. सर्व्हरच्या कमांडमध्ये 'आरएम' होता, म्हणजे बंद होताच कंटेनर पुसून टाका; आणि डेटा कंटेनरबाहेर ठेवायला वेगळा व्हॉल्यूम नव्हता. पहिल्यांदा बंद केला तेव्हाच परवा भरलेला सगळा डेटा कंटेनरबरोबर पुसला गेला. तो 'आरएम' मात्र त्या सूचनांमध्ये न विसरता लिहिला होता.