‘ऑटो-अपडेट लावा आणि विसरा’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर्व्हर टप्प्याटप्प्याने पॅच कसे करावेत, म्हणजे त्यांवर दुरुस्तीचे अपडेट कसे लावावेत, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘एवढा पसारा कशाला? सगळ्या सर्व्हरवर अनअटेंडेड-अपग्रेड्स (अपडेट आपोआप लावणारं साधन) लावा आणि विसरा. बाकी नुसता कामाचा देखावा. आणि कंटेनरच्या (ॲप वेगळं बांधून चालवण्याच्या) काळात हे करतं कोण?’ मतभेद असू देत, पण ‘देखावा’ झोंबला. रात्रीच्या मेन्टेनन्स विंडोत, म्हणजे देखभालीसाठी ठरवलेल्या वेळेत, सर्व्हर पॅच करण्यावरच माझं पोट चालतं. असं काही लिहिण्याआधी निदान लेख शेवटपर्यंत वाचायचात.

रेड हॅट लिनक्सवाल्यांसाठी डीएनएफ-ऑटोमॅटिक या तिथल्या तशाच साधनाचा उल्लेख हवा होता, एवढं मान्य.

आता तुमचं ते ‘विसरा’. उबंटू लिनक्सवर अनअटेंडेड-अपग्रेड्सचं ऑटोमॅटिक-रीबूट मुळात बंद असतं. नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) डिस्कवर येऊन पडतो, रीबूट-रिक्वायर्ड ही खुणेची फाइल तयार होते आणि चालत राहतो जुनाच कर्नल. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचंही तेच. लायब्ररी बदलली तरी आधीपासून चालू असलेली प्रोसेस डिलीट झालेली जुनी फाइलच धरून बसते. सर्व्हिस रीस्टार्ट होईपर्यंत भोक उघडंच, आणि पॅकेजच्या यादीत आवृत्ती दिसते नवी. यात विसरायचं नेमकं काय?

बरं, रीबूट चालू करा म्हणाल. सगळीकडे 02:00 टाकलंत की तीन नोडांच्या (सर्व्हरांच्या) डेटाबेस क्लस्टरमधले तिन्ही एकदम खाली. कोरमला, म्हणजे क्लस्टर चालू राहायला हव्या असलेल्या बहुमताला, दोन लागतात.

शिवाय एपीटीचा (उबंटूच्या पॅकेज व्यवस्थापकाचा) टाइमर मुळात सकाळी 6 ते 7 दरम्यान कधीतरी सुटतो आणि प्रत्येक सर्व्हर थेट रेपोत (पॅकेजच्या साठ्यात) त्या क्षणी असेल ते उचलतो. सोमवारी चाचणीच्या गटावर तपासलेली आवृत्तीच गुरुवारी प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरांवर) लागेल, याची हमी कोण देणार? म्हणून ॲप्टली या साधनाने रेपोचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घ्यायचा आणि दोन्ही गटांना तोच द्यायचा. मग ॲन्सिबल या ऑटोमेशन साधनात सीरियल, म्हणजे एका वेळी किती सर्व्हर घ्यायचे ते: आधी 1, मग 10%, मग 25%. प्रत्येक सर्व्हर आधी लोड बॅलन्सरमधून (विनंत्या वाटून देणाऱ्या यंत्रणेतून) बाहेर काढायचा, हेल्थ चेक पास झाला की परत घ्यायचा. मॅक्स-फेल-पर्सेंटेज (तुकडीतले किती टक्के सर्व्हर फसले तर चालतील ते) 0 ठेवा. ही टक्केवारी ओलांडली तरच काम थांबतं, नुसती गाठून नाही. चारच्या तुकडीत दोन पडल्यावर थांबायचं असेल तर 50 नव्हे, 49 लिहावं लागतं. हा असला तपशील तुम्हाला पसारा वाटतो.

कंटेनरच्या टोमण्यावर फार बोलत नाही. त्यांच्या खालचा होस्टही लिनक्सच असतो आणि सगळे कंटेनर त्याचाच कर्नल वापरतात. पुढच्या वेळी जरूर टीका करा, पण तुमच्या क्लस्टरचे रीबूट कोणत्या क्रमाने लावता, तेही त्यात लिहा.