‘सातव्या सेमिस्टरनंतर बघू’: परदेशी शिक्षणाविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचा गोषवारा असा : इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने सातव्या सेमिस्टरपर्यंत फक्त सीजीपीए (सर्व सेमिस्टरची सरासरी श्रेणी) सांभाळावा, एमएसचे (परदेशातील पदव्युत्तर पदवीचे) नंतर बघता येते, जर्मनीत शिक्षण फुकट आहे आणि राहण्याचा खर्च पार्टटाइम कामातून निघतो, पैसे नसतील तर शेताचा उतारा बँकेत ठेवावा, कर्ज मिळते आणि नोकरी लागल्यावर दोन वर्षांत फिटते, कन्सल्टन्सी एक रुपयाही न घेता सगळे करून देते, आणि शेवटी, बेळगावच्या कॉलेजला तिकडे कोणी विचारत नाही, म्हणून पदवी पुण्यातूनच घ्यावी. संदेश लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. परंतु त्यातील प्रत्येक विधान अर्धवट आहे, आणि त्यातला बराचसा भाग महाराष्ट्रात राहणाऱ्या, घरात रोकड असणाऱ्या कुटुंबाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला दिसतो. कर्नाटकात अधिवास असलेल्या मराठी विद्यार्थ्याने तो जसाच्या तसा अमलात आणला तर त्याचे किमान एक वर्ष वाया जाईल.

वर्ष वाया जाते ते पहिल्याच सल्ल्यामुळे. अमेरिकेतील विद्यापीठांचे मुख्य सत्र ऑगस्टमध्ये सुरू होते आणि त्यासाठीच्या अर्जांच्या मुदती बहुतेक ठिकाणी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात संपतात, म्हणजे आपल्याकडे सातवे सेमिस्टर चालू असते किंवा नुकतेच संपलेले असते तेव्हाच. अर्जासोबत जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची चाचणी) आणि आयईएलटीएस (इंग्रजीची चाचणी) यांपैकी मागितलेल्या परीक्षांचे गुण, हा अभ्यासक्रम का करायचा हे सांगणारे उद्देशपत्र आणि प्राध्यापकांची दोन-तीन शिफारसपत्रे लागतात, त्यामुळे परीक्षांची तयारी पाचव्या-सहाव्या सेमिस्टरमध्येच व्हायला हवी. जीआरईचे गुण पाच वर्षे आणि आयईएलटीएसचे दोन वर्षे ग्राह्य धरले जातात. लवकर परीक्षा दिल्याने काही बिघडत नाही. जीआरई आता कुठेच लागत नाही, अशीही एक ओळ संदेशात आहे. अनेक विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली हे खरे, पण सगळ्यांनी नाही. आपल्या यादीतील प्रत्येक अभ्यासक्रमाचे पान उघडून पाहण्याला दुसरा पर्याय नाही.

कागदपत्रांनाही वेळ लागतो. सीमाभागात दहावीच्या मार्कशीटवर नाव एका क्रमाने, आधारवर दुसऱ्या क्रमाने आणि पासपोर्टवर तिसऱ्याच स्पेलिंगने असणे ही फार सामान्य गोष्ट आहे. त्यात घरच्या जन्मदाखल्याचा मजकूर कन्नडमध्ये असतो आणि आडनावाचे रोमन लिपीतील रूप ज्याने-त्याने आपल्या समजुतीप्रमाणे केलेले असते. परीक्षेची नोंदणी, प्रवेशपत्र आणि व्हिसा या तिन्ही ठिकाणी पासपोर्टवरचे नाव चालते. म्हणून दुसऱ्या वर्षातच पासपोर्ट काढून सर्व कागदांवरचे नाव जुळवून घेणे, हे कंटाळवाणे असले तरी सर्वांत स्वस्त काम आहे. व्हीटीयूचे (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे) मुख्यालय बेळगावलाच असल्याने ट्रान्सक्रिप्टच्या (सर्व सेमिस्टरच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याच्या) कामात काही अडले तर इथल्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष जाऊन चौकशी करता येते, ही सोय बीदर किंवा मंगळूरच्या विद्यार्थ्याला इतक्या जवळ नाही. अर्जात टक्केवारी भरताना मात्र आपल्या स्कीमचे (आपल्या तुकडीला लागू असलेल्या अभ्यासक्रम-नियमांचे) सूत्र तपासावे. जुन्या स्कीममध्ये सीजीपीएतून ०.७५ वजा करून १० ने गुणत असत, म्हणजे ८ सीजीपीएचे ७२.५ टक्के होत, ८० नव्हे.

आता जर्मनी. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे बरोबर आहे. परंतु बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट आणि कार्ल्सरूह ही अभियंत्यांची आवडती विद्यापीठे जिथे आहेत तिथे, युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सेमिस्टरला १,५०० युरो घेतले जातात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांना दर सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो शुल्क लावले आहे. ‘फुकट’ म्हणताना ही दोन नावे नेमकी गळतात.

खरी अडचण शुल्काची नसून व्हिसाआधी दाखवायच्या पैशांची आहे. राहण्याच्या पहिल्या वर्षाच्या खर्चापोटी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) ११,९०४ युरो भरावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा), आणि त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. युरो शंभर रुपयांचा धरला तर ही रक्कम सुमारे बारा लाख होते. पैसे विद्यार्थ्याचेच असतात, पण ते विमानात बसण्याआधी उभे करावे लागतात. पार्टटाइमची कमाई त्यानंतरची. शिवाय परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवसच काम करण्याची मुभा आहे, आणि जर्मन न येणाऱ्याच्या वाट्याला पहिल्या काही महिन्यांत गोदामातले किंवा स्वयंपाकघरातले काम येते, तेही परीक्षांच्या काळात सोडावे लागते. अमेरिकेत तर एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, आणि पहिल्या वर्षी फक्त कॅम्पसवरच, काम करता येते. अशा कमाईतून किराणा निघेल. घरभाडे, विमा आणि शुल्क यांचा भार त्यावर टाकून आखलेले अंदाजपत्रक मी तरी कोणा पालकासमोर ठेवणार नाही.

जर्मनीसाठी आणखी एक टप्पा आहे आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा दाखला) सक्तीचे झाले आहे; त्यासाठी १८,००० रुपये शुल्क आहे आणि पडताळणीला आठवडे लागू शकतात. गुणांचे रूपांतर तिथे सुधारित बव्हेरियन सूत्राने होते (जर्मन श्रेणीत १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास) : १० पैकी उत्तीर्णतेची मर्यादा ४ धरली तर ८ सीजीपीएची जर्मन श्रेणी २.० येते आणि ७ सीजीपीएची २.५. अनेक अभ्यासक्रम २.५ वर रेघ ओढतात, त्यामुळे चौथ्या सेमिस्टरला ६.८ वर असलेल्या मुलाने हे गणित तेव्हाच मांडले तर त्याच्या हातात चार सेमिस्टर उरतात. सातव्यानंतर मांडले तर फक्त हळहळ उरते. चंदगडच्या मावसभावाचा व्हिसा मुंबईहून झाला म्हणून आपलाही तिथूनच होईल, असेही धरू नये. कर्नाटक आणि केरळ ही राज्ये बेंगळुरूच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात, आणि अर्ज राहत्या पत्त्यानुसार होतो.

शेताच्या उताऱ्यावर कर्ज मिळते, हे विधान संदेशातले सर्वांत धोकादायक आहे, कारण त्यावर विसंबून अनेक घरांत दुसरी सोय केलीच जात नाही. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपेक्षा जास्त रकमेला तारण लागते. तारण म्हणून बँकांना घर, बिगरशेती भूखंड किंवा मुदतठेव हवी असते. शेतजमीन त्या सहसा स्वीकारत नाहीत, कारण २००२ च्या सरफेसी कायद्यातील जलद वसुलीची तरतूद शेतजमिनीला लागू होत नाही. उसाची सहा एकर बागायत असलेला निपाणीकडचा शेतकरी बँकेच्या दारात उभा राहतो आणि बेळगावच्या वडगावात दोन खोल्यांचे घर असलेल्या नोकरदाराला आधी कर्ज मंजूर होते, याचे कारण हे आहे. विनातारण कर्ज खासगी वित्तसंस्था देतात, पण व्याजाचा दर चढा असतो.

दोन वर्षांत फेडण्याचा हिशेबही करून पाहावा. ४० लाखांचे कर्ज ११ टक्के दराने दहा वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे ५५,००० रुपये येतो. तेच दोन वर्षांत संपवायचे तर सुमारे १ लाख ८६ हजार. शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतरच्या एक वर्षाच्या सवलतीत साचलेले व्याज यात धरलेले नाही. अमेरिकेत अभियांत्रिकी पदवीधराला ओपीटीवर (शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर) एकूण ३६ महिने काम करता येते, मात्र पुढचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सोडतीवर अवलंबून आहे, आणि नशिबाच्या भरवशावर हप्ते ठरवणे हा शहाणपणा नव्हे.

शिष्यवृत्तीबाबत सीमाभागात एक वेगळाच गैरसमज आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात स्वतंत्र तरतूद आहे, त्यावरून महाराष्ट्राच्या परदेशी शिष्यवृत्त्याही आपल्याला मिळतील असे अनेकजण गृहीत धरतात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला महाराष्ट्राचा रहिवासी असण्याची अट आहे. इथल्या विद्यार्थ्याने आधी कर्नाटक सरकारची खाती आणि महामंडळे पाहावीत. मराठा समाजासाठीही या राज्यात स्वतंत्र विकास महामंडळ आहे. अनुसूचित जाती आणि आणखी काही वंचित घटकांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्यात राज्याची अडचण नाही, पण कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे आणि जागा देशभरात मिळून १२५. केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना देशातील संस्थांपुरतीच आहे. नावाच्या साम्यामुळे पुष्कळ पालक तिच्याकडे आशेने पाहतात.

फुकट कन्सल्टन्सीचे कोडे फारसे अवघड नाही. तिला पैसे विद्यार्थी देत नाही, विद्यापीठ देते. जर्मनीतील सरकारी विद्यापीठे विद्यार्थी आणून दिल्याबद्दल दलाली देत नाहीत, खासगी संस्था देतात. म्हणून जर्मनीची चौकशी करायला गेलेला मुलगा बर्लिनमधल्या खासगी संस्थेचे लाखो रुपये शुल्काचे पत्र घेऊन बाहेर पडला, तर त्यात आश्चर्य नाही. ‘या यादीतल्या कोणत्या विद्यापीठांशी तुमचा करार आहे?’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारावा. उद्देशपत्र तर त्यांच्याकडून लिहून घेऊच नये.

राहिले बेळगावच्या कॉलेजचे. व्हीटीयूशी संलग्न कॉलेजच्या विद्यार्थ्याला पदवी विद्यापीठ देते, आणि बेंगळुरूच्या आर. व्ही. किंवा बी. एम. एस. कॉलेजातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याच्या पदवीवरही त्याच विद्यापीठाचे नाव असते. प्रवेश समितीपुढे फरक पडतो तो गुण, प्रकल्प आणि शिफारसपत्रांचा. पुण्यातल्या कॉलेजची पाटी मिळवण्यासाठी चार वर्षांचा वसतिगृहाचा खर्च करण्याऐवजी तीच रक्कम ब्लॉक्ड अकाउंटसाठी बाजूला ठेवणे मला अधिक व्यवहाराचे वाटते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत ओतकामातील दोषांवर सहा महिने काम केलेला किंवा हत्तरगीच्या एरोस्पेस वसाहतीत इंटर्नशिप केलेला मेकॅनिकलचा विद्यार्थी उद्देशपत्रात जे लिहू शकतो, ते लिहायला पुण्यातील वर्गमित्राकडे तसे काम असेलच असे नाही. आणि त्या कामावर देखरेख करणाऱ्या प्राध्यापकाचे शिफारसपत्र नुसत्या हजेरीपटावरून ओळखणाऱ्या विभागप्रमुखाच्या पत्रापेक्षा वजनदार ठरते. त्यासाठी त्या प्राध्यापकांशी पाचव्या सेमिस्टरमध्येच बोलावे लागेल.