शाळेचं नाव : ना

गेल्या शनिवारी माझी मुलगी स्पेलिंगच्या स्पर्धेत गळ्यात पाटी अडकवून स्टेजवर बसली होती. पाटीवर क्रमांक २७, त्याखाली तिचं नाव आणि शाळेच्या जागी एन, तिरकी रेघ, ए. म्हणजे 'लागू नाही'. तिला मी घरीच शिकवते; गेली चार वर्षं या शाळेची मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, ग्रंथपाल आणि शिपाई मीच आहे, आणि आमच्यातलं एकही जण लागू नाही.

फॉर्म ऑनलाइन होता. शाळेच्या रकान्यावर बोट ठेवलं की शाळांची यादी उघडायची. 'घर' त्यात नव्हतं. मी आयोजकांना ईमेल केला. 'काळजी नसावी, आम्ही बघून घेऊ,' असं उत्तर आलं. बघून घेतलं ते असं.

आता थोडं कायद्याचं बोलते, कारण रात्री झोप येत नाही तेव्हा मी हेच घोळवत असते. आम्ही टेक्सासात राहतो. इथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९४ सालीच सांगून टाकलंय की मुलांना घरी मनापासून शिकवत असाल तर तुमचं घर ही खासगी शाळाच. अभ्यासक्रमात पाच गोष्टी हव्यात : वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व. यादीत इतिहास नाही, विज्ञान नाही, पण स्पेलिंग आहे! म्हणजे कायद्यानं मी शाळा, कायद्यानं माझा विषय स्पेलिंग, आणि स्पेलिंगच्याच स्पर्धेत मी तिरकी रेघ. वर घरपट्टीतला भलामोठा लचका दरवर्षी सरकारी शाळांना जातो तो जातोच. त्या बिलावर मात्र मी बरोब्बर लागू असते.

असो. पहिली फेरी सुरू झाली. माईकवरचा मुलगा कॉलेजातला असावा. प्रत्येकाचं नाव आणि शाळा दणक्यात वाचत होता. २७ वर आला, पाटीकडे बघून जरा अडखळला आणि म्हणाला, "फ्रॉम... ना!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अरे देवा," मी म्हणाले. चूक झाली. शेजारचे काका ताडकन वळले.

"मराठी का?"

सत्तरीतले होते. मांडीवर थर्मास, खिशात पेन, हातात शब्दांच्या लॅमिनेट केलेल्या पत्त्यांचा जुडगा. नातू क्रमांक ३१. मी कुठली, माहेर कुठलं, सातारा म्हणजे शहर की तालुका, हे सगळं दोन मुलांची स्पेलिंगं होईतो आटोपलं. मग ते मुद्द्यावर आले.

"ही 'ना' शाळा नवीन निघाली का गं? आमच्या बाजूला ऐकली नाही."

"काका, ती शाळा नाही."

"नाही कशी? आत्ता नाव घेतलं की त्यानं."

"ते 'ना' म्हणजे नाही."

"तेच म्हणतोय मी. 'ना'. फी किती आहे?"

"फी नाही हो."

"म्हणजे सरकारी."

"घरची आहे. माझी."

"तू शाळा काढलीस?" काकांच्या डोळ्यांत एकदम आदर दाटला. सरळ होऊन बसले. "वा! पट किती?"

"एक."

आदर ओसरला. थर्मासचं झाकण उघडून त्यांनी चहा ओतला आणि सुतकाला आल्यासारखा आवाज खाली आणला. "शाळेत काही झालं होतं का तिला?"

हा प्रश्न मला आजवर दुकानात, दवाखान्यात, एकदा तर पोहण्याच्या तलावात कमरेइतक्या पाण्यात विचारला गेलाय. उत्तर 'काही नाही' असंच आहे आणि ते कुणालाच पटत नाही. शाळेत घालणाऱ्याला कुणी विचारतं का, की घरी काही झालं होतं का?

"पण मग ती माणसांत कशी मिसळणार?" काका म्हणाले. त्यांच्या पलीकडची बाई एव्हाना दोन खुर्च्या सरकून बसली होती.

मुलगी दुसऱ्या फेरीतही टिकली, तसा काकांचा सूर बदलला. "बरोबर आहे म्हणा. दिवसभर घरीच. स्पेलिंगशिवाय दुसरं काय करणार? आमचा बिचारा शाळा करून करतो." हे म्हणताना हातातला जुडगा ते फेटत होते. त्या बिचाऱ्याला आठवड्यातून तीनदा झूमवर कोच शिकवतो, हे त्यांनीच मला आधी अभिमानानं सांगितलं होतं. आणि आमचा दिवसभर म्हणजे काय, तर अपूर्णांकांवरून रडारड, मग माझी रडारड, मग जेवण. चार हजार शब्दांची अधिकृत यादी आम्ही गाडीत म्हणतो, सिग्नल लागला की.

काकांना जुने निकाल क्रिकेटच्या स्कोअरसारखे पाठ. १९८५ : अमेरिकेची राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय वंशाचा मुलगा, शब्द 'मिल्यू'. २०१९ : एकदम आठ विजेते, कारण त्या आठांना पाडतील असे शब्दच आयोजकांकडे उरले नव्हते. मलाही राहवेना. मी म्हटलं, "१९९७ ची विजेती घरी शिकलेली होती. 'युओनिम'ची अक्षरं तिनं माईकमध्ये अक्षरशः ओरडून सांगितली. २००० साली पहिले तिघंच्या तिघं घरी शिकलेले. २००७ चा विजेता घरी शिकलेला. आणि २०२१ ची झैला अव्हाँ-गार्ड तर बास्केटबॉलसुद्धा खेळते."

"२००० चा विजेता म्हणजे तो थंपी ना? केरळी मूळ त्याचं. मग बरोबर." काकांनी माझी चार वर्षं एका घोटात संपवली.

इथे एक कबूल करते. मराठी माध्यमात वाढलेल्या माणसाला हा सगळा खेळच जरा वेडगळ वाटतो. आपल्याकडे बोलतो तसं लिहितो. पहिली वेलांटी की दुसरी, एवढाच काय तो जुगार. इथे मूल आधी शब्दाचा अर्थ विचारणार, मग वाक्यात वापर, मग तो कुठल्या भाषेतून आला ते. एका शब्दासाठी पोलीस चौकशी.

तिसरी फेरी. माझी मुलगी उभी राहिली. समोरून शब्द आला, "टीपॉय."

मी खुर्चीतून अर्धी उठले. टीपॉय! आमच्या साताऱ्याच्या घरी त्यावर सनमायका होता!

"लँग्वेज ऑफ ओरिजिन?" मुलीनं विचारलं.

"हिंदी."

काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "घरचाच शब्द!"

मुलीनं तळहातावर बोटानं अक्षरं काढली. तिचा चेहरा उजळला. पुढचं मला दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं. हिंदी, म्हणजे तिपाई, म्हणजे ति, तीन पाय. असा विचार करायला मीच शिकवलंय तिला. "टी, आय, पी, ओ, वाय."

टिंग.

चुकलं की वाजवतात ती घंटा असते टेबलावरची, साधी, हॉटेलच्या काउंटरवर असते तशी.

"टी-ई-ए!" काका उभे राहून म्हणाले. "चहाचा टी! टीपॉयवर चहा ठेवतात!" मागच्यांनी त्यांना खाली बसवलं. काकांचं शब्दाबद्दल साफ चूक होतं आणि स्पेलिंग अगदी बरोबर होतं. शब्द तिपाईचाच. साहेबाला त्यात चहा ऐकू आला आणि त्यानं स्पेलिंगला तोच चिकटवला. पोर मुळाशी गेली म्हणून पडली.

आमच्या दिवाणखान्यात टीपॉय आहे. चार पायांचा, पण आहे. गेली बारा वर्षं आम्ही त्याला कॉफी टेबल म्हणतो.

काकांना हे सांगायला नको होतं. त्यांनी चहा संपवला, झाकण लावलं, आणि अगदी मायेनं म्हणाले, "घरच्या शाळेत निदान घरचं फर्निचर तरी शिकवावं गं."

पुढच्याच फेरीत त्यांचा नातू गेला. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. चांगलं नागरिकत्व हा पाचवा विषय आमच्याकडे जरा कच्चाच आहे.

प्रशस्तिपत्रक मंगळवारी आलं. शाळेच्या जागी पुन्हा तीच तिरकी रेघ, या वेळी सोनेरी शाईत. मी आयोजकांना लांबलचक ईमेल लिहिला. १९९४, न्यायालय, पाचही विषय, सगळं घातलं त्यात. काल उत्तर आलं : कळवल्याबद्दल धन्यवाद, अशा दुरुस्त्यांसाठी कृपया आपल्या शाळेच्या समन्वयकाशी संपर्क साधावा.

समन्वयक तेव्हा भांडी लावत होत्या. अजून त्यांनी काही कळवलेलं नाही.