आजारपणाची वही: मालकांसाठी चार गोष्टी

पोळा झाला, गौरी-गणपती जवळ आले की आपल्याकडं तापाची साथ येते, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. नेमका तेव्हाच दुकानात सीझन असतो आणि नेमका तेव्हाच सकाळी पावणेनऊला मोबाईल वाजतो. "सेठ, रात्रीपासून ताप यायलाय, आज काय येणं होईना." आता याचा पगार कापायचा की रजा धरायची, आणि धरायची तर लिहायची कुठं, असा पेच तुमच्यासारख्या सज्जन मालकाला पडतो. जालन्याच्या कापड दुकानापासून लातूरच्या आडतीपर्यंत आणि वाळूजच्या वर्कशॉपपर्यंत सगळीकडं हाच घोळ. म्हणून हे मार्गदर्शन. फी नाही.

सगळ्यात आधी, रजेचं रजिस्टर ठेवूच नका. रजिस्टर म्हटलं की रकाने आले. जमा रजा, घेतलेल्या रजा, शिल्लक रजा. पहिल्या दोन रकान्यांचं काही नाही, तिसरा घातक. माणूस एकदा का तो वाचायला शिकला की मागायला लागतो. त्यापेक्षा तुमच्याकडं उचलीची वही आहेच. लेकीच्या लग्नाला कुणी किती नेले, पेरणीला कुणी किती नेले, ती वही तुम्ही रुपया न् रुपया बरोबर ठेवता. तिच्याच मागच्या पानापासून खाडे लिहायला घ्या. पुढून उचल वाढत येईल, मागून खाडे वाढत येतील, आणि मधे जी चार कोरी पानं उरतील तो पगार.

कायद्याला भ्यायचं कारण नाही. तो अर्धा सांगायला शिकलं की पुरतं. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणाची म्हणून वेगळी रजाच नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात छापून गल्ल्याच्या मागं लावा. वर्षाला ८ दिवस भरपगारी किरकोळ रजा आहे, ती दर तिमाहीला कामगाराच्या खात्यात जमा करायची असते आणि ताप आला की माणसानं तीच वापरायची असते, हे पुढचं वाक्य मात्र फ्रेममध्ये मावत नाही. काचेचा खर्च वाढतो. शिवाय ही ८ दिवसांची रजा वर्षाअखेर वापरली नाही तर बुडते. म्हणून ती आहे ही आनंदाची बातमी ३१ डिसेंबरला संध्याकाळी, शटर अर्धं खाली आल्यावर द्यावी.

हक्काच्या रजेचं दुखणं थोडं जुनाट आहे. वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागं एक दिवस, आणि साठवत गेला तर ४५ दिवसांपर्यंत. यावर एकच औषध, सातव्या महिन्यात ब्रेक द्यायचा. माणूस तोच, मशीन तेच, डब्यातली चटणी तीच, फक्त गेटपासवरची तारीख नवी. २४० म्हणजे किती हे त्या पोराला कधी कळतच नाही. तसंच, कायदा लागू व्हायला किती माणसं लागतात हे सीएला विचारा आणि कागदावर एक कमी ठेवा. उरलेले गावाकडचे पाहुणे आहेत, सहज हातभार लावायला आलेत.

आता पुरावा. माणूस आजारी आहे म्हणतो म्हणून तो आजारी, असं मानायला आपण काय त्याची आई नाही. आधी सलाईनचा फोटो मागवा. फोटोत हात दिसला तर तोंड दिसायला पाहिजे म्हणा, तोंड दिसलं तर लोकेशन टाक म्हणा. घाटीचा, म्हणजे सरकारी दवाखान्याचा, केसपेपर दाखवला तर त्यावर आराम असं कुठं लिहिलंय ते विचारा. मग डॉक्टरचं सर्टिफिकेट. एका दिवसाची हजेरी वाचवायला त्यानं तपासणी, सर्टिफिकेट आणि रिक्षा मिळून दिवसभराच्या हजेरीइतकेच पैसे घालवावेत, म्हणजे शिस्त लागते. १९४८ च्या कारखाना कायद्यानं रजेचा अर्ज १५ दिवस आधी द्यायला सांगितलं होतं आणि आजारपणापुरती त्यातून सूट ठेवली होती. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांनासुद्धा कळलं होतं की ताप १५ दिवस आधी कळवून येत नाही. पण ते सणासुदीच्या सीझनला कधी दुकानात उभे राहिले होते?

आलेलं सर्टिफिकेट फायलीत लावू नका. हजेरीवर फक्त तारीख आणि 'रजा' एवढं लिहून भागतं, पण मग मजा काय? मुनीमजींनी ते काउंटरवर, चार गिऱ्हाइकांदेखत वाचावं. "काय रे, मूळव्याध का?" साड्यांच्या काउंटरवरच्या बाईनं पोटात दुखतंय म्हणून अर्धा दिवस मागितला की कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय आणि दर महिन्यालाच का दुखतंय हे तिला सगळ्यांसमोर विचारावं. पुढच्या महिन्यात ती काही बोलणार नाही. गोळी खाईल आणि साडीची घडी मोडून दाखवत उभी राहील. तुमच्या वहीत आजारपण शून्य.

विम्याचंही सांभाळून घ्या. २१,००० पर्यंत पगार असलेल्याच्या पगारातून ०.७५ टक्के कर्मचारी राज्य विम्याला जातात, तुमचे ३.२५ टक्के. भरला तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरकारकडून मिळते. तुमच्या खिशातून नाही, सरकारकडून. तरीही हे सांगू नका. कपात पगारपत्रकावर दिसू द्या, कार्ड कपाटात राहू द्या. विचारलं तर "साहेबाकडं पाठवलंय" म्हणा. कुठला साहेब, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. आणि हो, तो लाभ चालू असताना माणसाला कामावरून काढता येत नाही, म्हणून आजार वाढायच्या आत निर्णय घ्यावा.

एवढं सगळं जड वाटत असेल तर आपल्याच मातीतली तयार पद्धत आहे. तिला ना सॉफ्टवेअर लागतं, ना थम मशीन. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, केज भागातल्या मुकादमाकडून शिका. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जाते. उचल आधीच दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक तापानं फणफणलं की दोघांचाही खाडा, आणि खाड्याला नुसती मजुरी जात नाही, वर दंड पडतो. तो उचलीत चढतो. हंगाम संपला तरी फिटला नाही तर पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडं त्याच टोळीत. याहून अचूक नोंद कुठल्या मोठ्या कंपनीच्या एचआरनं ठेवून दाखवावी. मुकादम शाळेत किती शिकला ते विचारू नका, एकही दिवस त्याच्या नजरेतून सुटत नाही. पाळी, बाळंतपण, कंबरदुखी, सगळ्याला एकच रकाना. खाडा पडू नये म्हणून बायका गर्भाशयच काढून टाकायला लागल्या. बोभाटा इतका झाला की २०१९ मध्ये सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. रजा मागण्याचं कारणच शरीरातून काढून टाकायचं, इथवर अजून तुमचं दुकान पोचलेलं नाही. तेव्हा उगाच मोठेपणा करू नका.

तपासणीला कुणी येईलच. २०१७ च्या कायद्यात त्याला इन्स्पेक्टर नाही, सुविधाकार म्हणतात, म्हणजे नुसतं नाव ऐकूनच चहा सांगावासा वाटतो. त्याच्यासाठी स्वच्छ हजेरीपत्रक वेगळं ठेवा. फक्त बारा महिन्यांच्या सह्या एकाच दुपारी एकाच पेनानं घेऊ नका, आणि १५ ऑगस्टला सगळ्यांना हजर दाखवू नका. मुनीमजी घाईत असतात.

राहता राहिला एक धोका. तुम्ही वही कितीही जपली तरी दुसरी एक वही गावात असते, कामगाराच्या घरात, भिंतीवर. कॅलेंडरच्या चौकटीत त्याची बायको दुधाचा हिशेब मांडते, अर्धा लिटर, पाव लिटर, आज नाही. त्याच चौकटीत बारीक अक्षरात, 'ताप. गेले न्हाईत. सेटनी ४०० कापले.' महिन्यामागून महिना, तारखेसकट. उद्या कुणी ते कॅलेंडर काढून कामगार कार्यालयात टेबलावर ठेवलं, तर वर ठळक अक्षरात तुमच्याच दुकानाचं नाव, तुमचा फोन नंबर आणि तुमच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. दिवाळीला तुम्हीच वाटलेलं असतं ते. यंदापासून बंद करा. मिठाईचा पाव किलोचा पुडा पुरे.