काठ कच्चा राहू द्या

आमच्या ह्यांची कामाची पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळं आमच्या फिरण्याची वेळही दर आठवड्याला बदलते. पहिली पाळी असली की संध्याकाळी, दुसरी असली की सकाळी, आणि नाईट असली की हे शिरोलीच्या फौंड्रीतनं सुटून आले रे आले की थेट पंचगंगा नदी. आंघोळ नंतर, जेवण नंतर, झोप त्याच्याही नंतर. मी थर्मासमध्ये चहा भरून तयार असते. कोल्हापुरातल्या आमच्या कसबा बावड्यातनं निघायचं, राजाराम बंधाऱ्याकडं जायचं, उसाच्या कडेनं थोडं पुढं जाऊन मागं फिरायचं. अकरा वर्षं झाली.

सुरुवात कशी झाली ते सांगते. पोरीचं लग्न झालं, ती इचलकरंजीला गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. हे नाईटवरून आले की झोपायचे, मी मशीनवर ब्लाऊज शिवत बसायची. हे उठेपर्यंत माझ्याकडं गिऱ्हाईक आलेलं असायचं. दिवसभरात आमचं बोलणं म्हणजे "जेवण वाढू?" आणि "गॅस संपत आलाय". भांडण नव्हतं, काहीच नव्हतं, आणि तेच मला खुपायचं. एक दिवस मीच म्हणाले, अहो, चला की जरा नदीपर्यंत. त्या दिवशी बंधाऱ्याच्या खांबावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता, दोरीवर वाळत घातलेल्या छत्रीसारखा. ह्यांनी विचारलं, हा असा का बसलाय? मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तो पुन्हा तसाच. मग कळलं की पाण्यात बुडी मारली की त्याची पिसं भिजतात, ती वाळवायला तो तसा बसतो. त्यानंतर आमच्या घरात बोलायला विषय कमी पडला नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. गेली दोन-तीन वर्षं नदीचा विषय निघाला की दोनच प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, "कसली पंचगंगा, गटार झालंय त्याचं." दुसरे म्हणतात, "काठ एकदा पक्का करून टाका, झाडझाडोरा काढा, लाईट लावा, म्हणजे फिरायला बरं." पहिल्यांचा राग मला समजतो. शहराचं सांडपाणी जयंती नाल्यातनं आणि बाकीच्या नाल्यांतनं नदीत जातं हे सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात पाणी हिरवट होतं, केंदाळ म्हणजे जलपर्णी पसरते, आणि एखाद्या सकाळी मासे तोंड वर काढून हवेसाठी तडफडताना दिसतात. ते बघितलं की दिवसभर घशाखाली घास उतरत नाही. पण नदी मेली असं जो म्हणतो त्यानं माझ्याबरोबर एक दिवस यावं. आणि काठ पक्का करा म्हणणाऱ्यांनी तर यावंच, कारण जे जिवंत आहे त्यातलं बरंचसं त्या कच्च्या काठातच राहतं.

आपला बंधारा कोल्हापूर पद्धतीचा. दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत घातलेले बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळ्याआधी बरगे काढतात, पाऊस सरला की परत घालतात. त्यामुळं हिवाळ्यापासून वरच्या अंगाला पाणी तुंबतं, खोल आणि संथ, आणि खालच्या अंगाला खडक उघडे पडतात, पाणी घोट्याएवढं. पक्ष्यांची ही दोन वेगळी गावं आहेत. वर पाणकावळे आणि टिबुकल्या. टिबुकली म्हणजे मुठीएवढं बदकासारखं पाखरू, आत्ता होतं आणि आत्ता बुडालं, कुठं वर येईल याची आम्ही पैज लावतो. केंदाळाच्या कडेला लाजरी पाणकोंबडी. नाव लाजरी, पण पावसाळ्यात ओरडायला लागली की सगळा काठ डोक्यावर घेते. खाली खडकांवर वंचक नावाचा बगळा, जो इतका मातकट रंगाचा की पायाशी असला तरी दिसत नाही आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र. काळे शराटी चिखलात चोच खुपसत फिरतात. थंडी सुरू झाली की धोबी येतात, शेपटी सारखी वरखाली करत. लांबून, हिमालयाकडनं आणि त्याच्याही पलीकडनं येतात म्हणे. पहिला धोबी दिसला की मी स्वेटर बाहेर काढते.

नाईटच्या आठवड्यात जे दिसतं ते बाकीच्या आठवड्यांत दिसत नाही. रात ढोकऱ्या रात्रभर मासे मारून झाडावर परतायच्या वेळेला आमचे हेही परतत असतात. लाल डोळ्यांचा तो बगळा फांदीवर मान आखडून बसतो तेव्हा हे म्हणतात, "ह्याची पण नाईट झाली बघ." एकदा गुऱ्हाळाच्या मागच्या वाटेवर घोरपड दिसली, हातभर लांब, जीभ काढत काढत काठाच्या बिळात शिरली. दिवड तर कितीदा बघितली. लोक तिला मारतात, आणि ती बिनविषारी, पाण्यातले मासे-बेडूक खाणारी. ह्यांनी दोन वेळा पोरांच्या हातातनं काठी काढून घेतलेली आहे. आणि एका जानेवारीत पलीकडच्या काठावर मगर ऊन खात पडलेली बघितली. ओंडकाच वाटला होता. आम्ही अर्धा तास उभे होतो आणि दोघांपैकी कुणीच मोबाईल बाहेर काढला नाही.

पण आमचा खरा जीव खंड्यांवर. निळा खंड्या सगळ्यांना ठाऊक आहे, तारेवर बसतो, अंगणातसुद्धा येतो. नदीवरचा काळा-पांढरा खंड्या वेगळा, त्याला कवड्या म्हणतात. हा बहुतेक जोडीनं दिसतो. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे असतात. मादीच्या छातीवर एकच, आणि तोही मधे तुटलेला. हे कळायला आम्हाला तीन वर्षं लागली. पाण्यावर दोन माणूस उंचीवर तो हवेत एका जागी थांबतो. पंख इतके पळतात की दिसत नाहीत, चोच सरळ खाली, आणि डोकं मात्र जिथल्या तिथं. शिलाई मशीनची सुई वरखाली पळते पण कापड दाबणारा फूट जागचा हलत नाही, अगदी तसं. मग अंग सोडून देतो. दर वेळी मासा मिळतो असं नाही. पण मिळाला की खडकावर आपटून घेतो.

हे खंड्ये घरटं झाडावर बांधत नाहीत. काठाची उभी दरड असते ना, पुरानं कापलेली, तिच्यात चोचीनं माती उकरून आडवं बीळ करतात, हातभर किंवा त्याहून खोल, आणि त्याच्या टोकाला खोलीसारखी जागा करून तिथं अंडी घालतात. वेडे राघूही तसेच, मातीत बिळं करतात. आम्ही अशी एक दरड बघून ठेवली होती. ह्यांनी एक दिवस त्या दरडीची माती मुठीत घेतली, दाबली, मूठ उघडली. मातीचा गोळा बोटांच्या खुणांसकट तसाच राहिला. हे तीस वर्षं साच्यांवर काम करतात, मोल्डिंगची वाळू बरोबर आहे की नाही ते असंच मुठीत दाबून बघतात. म्हणाले, "मूठ बसती बघ. लई ओली न्हाई, लई कोरडी न्हाई. म्हणून भोक ढासळत न्हाई. त्या पाखराला हे कुणी शिकिवलं असंल?" आमच्या ह्यांना कामावरच्या गोष्टीचं इतकं कौतुक करताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्या दरडीत कवड्याचं घरटं होतं. बिळाच्या तोंडाशी पांढरे ओघळ दिसायला लागले होते, म्हणजे आत पिल्लं. एका सकाळी गेलो तर जेसीबी येऊन गेलेला. काठ स्वच्छ करायचा म्हणून झुडपं काढली होती, दरड ओढून उतार केला होता, वर माती दाबून सपाट. दिसायला छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू. लोक खूष होते.

नर मासा घेऊन आला. मासा चोचीत धरताना माशाचं डोकं पुढं होतं. पिल्लाला भरवायचा असला की मासा असाच धरतात, म्हणजे पिल्लाच्या घशात डोक्याकडनं सरकतो, पर अडकत नाहीत. तो आला, जिथं बीळ होतं तिथं हवेत थांबला, परत गेला. तारेवर बसला. पुन्हा आला. दरडच नव्हती, शिरणार कुठं? तिसऱ्यांदा आला. चौथ्यांदा गेला तेव्हा तारेवर बसून त्यानं मासा आपटला, चोचीत उलटा फिरवला आणि स्वतः गिळला. हे माझा हात धरून उभे होते. नाईट करून आलेला माणूस, डोळे तसेच लाल असतात, पण मला कळलं.

ज्यांनी ते काम केलं त्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांना माहीतच नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आता माहीत करून घेऊया. नदीकाठ म्हणजे मोकळी पडलेली जागा नव्हे. ज्याला आपण झाडोरा म्हणतो त्यात पाणकोंबडीचं घरटं असतं, ज्याला ढासळलेला काठ म्हणतो त्यात खंड्या राहतो, आणि मगर, घोरपडसुद्धा काठाच्या बिळांतच आसरा घेतात. एकदा सिमेंट ओतलं की चोचीनं ते उकरता येत नाही.

आणि मी पुराच्या बाहेर बसून बोलत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आम्ही घर सोडलंय. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, तेव्हा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले अशी बातमी आली की आजही माझ्या पोटात गोळा येतो. माझं मशीन माळ्यावर चढवलं होतं तरी मोटर गेली, गिऱ्हाइकांची कापडं चिखलात गेली, ती भरून द्यायला मला वर्ष लागलं. त्यामुळं नदीला बांध घाला म्हणणाऱ्याचं दुखणं मला कुणी समजावून सांगायला नको. ज्याची जमीन दर पावसाळ्यात थोडी थोडी नदीत जाते, त्याला "खंड्यासाठी सोड" असं मी कुठल्या तोंडानं सांगू? घरं आहेत, रस्ता आहे, तिथं दगड लावा. पंचगंगा घाट दगडीच आहे आणि तो आपला जीव की प्राण आहे, कार्तिकी पौर्णिमेला तिथं पणत्या लावायला मी दरवर्षी जाते.

पण सगळा काठ? आम्ही चालता चालता बघितलंय, जिथं एका बाजूला दगड रचले तिथं त्याच्या लगेच खालची माती जास्त कापली गेली. पाण्याचा जोर कुठं जाणार, तो पुढच्याच्या दारात जातो. काठ धरून ठेवायला वाळा आहे, त्याची मुळं खोल सरळ खाली जातात. वाळुंज आहे, करंज आहे, उंबर आहे, बांबू आहे. आपल्या आज्यांच्या काळात नदीला हीच झाडं होती आणि ती कुणी सुशोभीकरण म्हणून लावलेली नव्हती. दोन घरटी असलेली पन्नास पावलं दरड सोडली तर कुणाचं काय अडतं? झुडपं काढायचीच असली तर फेब्रुवारी ते पावसाळा एवढे महिने तरी थांबा.

फिरायला लाईट हवेत म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींशी मात्र माझं अजून पटलेलं नाही. त्यांना अंधाराची भीती वाटते आणि ती भीती खरी आहे. बाईमाणसानं एकटीनं काठावर जाऊ नये असं मलाही वाटतं. पण रात ढोकरीला तो अंधार लागतो. यावर माझ्याकडं उत्तर नाही. रस्त्याकडेला लावा आणि पाण्याकडं नको, एवढंच सुचतं.

गेल्या पावसाळ्यात पाणी वाढलं आणि त्या सपाट केलेल्या उताराच्या जरा पुढं नदीनं नवीन दरड कापली. एका दादांच्या उसाच्या कडेला. त्यांची दोन-चार सऱ्यांची जागा गेली. या महिन्यात पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी गेलो तर त्या ताज्या दरडीतनं माती उडताना दिसली. आतनं मागं पायानं ढकललेली, भुरूभुरू, थोडी थांबायची, परत सुरू. वर तारेवर तुटक्या पट्ट्याची मादी बसलेली. आम्ही दादांना गाठलं. ते आधी वैतागले, म्हणाले वहिनी, माझी जमीन जातीया आणि तुम्ही पाखरं दाखवताय. ह्यांनी त्यांना चहा दिला आणि काही न बोलता उसाच्या आडोशाला बसवलं. वीस मिनिटांत नर मासा घेऊन आला, मादीला भरवला, आणि बिळात गेला. दादा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, जेसीबीवाला परवा येणार हाय, त्याला हितं थांबवायचं कसं?

दुसऱ्या दिवशी मी ब्लाऊजच्या कापडातले उरलेले लाल तुकडे नेले. दादांनी बांबूच्या चार काठ्या रोवल्या, ह्यांनी त्यांच्यात दोरी ओढली आणि मी त्या दोरीला हातहातभर अंतरावर तुकडे बांधले, लांबनं मशीनवरच्या माणसाला दिसतील असे. जागा सांगत नाही आणि फोटोही टाकत नाही, घरट्यापाशी गर्दी नको. काल नाईट सुटल्यावर बघून आलो. जेसीबी येऊन गेलाय, वरचा बांध सरळ केलाय, आणि दोरीच्या आतली दरड जशीच्या तशी आहे. एक तुकडा वाऱ्यानं सुटला होता, तो ह्यांनी परत बांधला.